उघड्या तोंडाचं इंजिन

सिलिंडरच्या आत बोट फिरवलं आणि नखाला चरे लागले. एकदोन नव्हे, चांगले पाचसहा. वरून खालपर्यंत, मांजरानं दार ओरबाडावं तसे.

"काय आहे मामा?" कुगननं विचारलं.

कुगन माझ्या अक्काचा मुलगा. चोवीस वर्षांचा, अंगानं काटक, गाडीवर बसला की गाडीचाच एक भाग वाटावा असा. आदल्या रविवारी चेट्टीपाळयमच्या ट्रॅकवर सहाव्या फेरीपर्यंत तो दुसरा होता. सातवीत गाडीनं निळा धूर सोडला आणि शेवटी तो अकरावा आला. त्या धुराचं कारण शोधायला मंगळवारी सकाळी पीळमेड्यातल्या वर्कशॉपात मी इंजिन उघडून बसलो होतो.

"पिस्टनच्या रिंगा संपल्या," मी म्हणालो. "दोन रेसमध्ये. अख्खा सीझन जायला हव्या होत्या."

"पिस्टनच नकली आला असेल."

"पिस्टन मी मोजून घेतलाय. तो खरा आहे."

मी कार्ब्युरेटर काढला आणि त्याच्या घशात करंगळी घातली. करंगळीला करडा चिखल लागून आला. तेलात कालवलेली बारीक पूड. चेट्टीपाळयमची धूळ तांबडी असते, गाडीच्या चाकापासून माणसाच्या पापणीपर्यंत सगळं ती तांबडं करते. वर्कशॉपातली लोखंडाची घाण काळी. ही पूड दोन्हीपैकी नव्हती. बोटांत चोळली तर खरखरत होती.

कोइमतूरमध्ये लेथच्या आवाजात वाढलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. व्हॉल्व्ह घासून बसवायला एमरीची पूड प्रत्येक वर्कशॉपात असते. ती चिमूटभर इंजिनाच्या श्वासात सोडली की रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. तीस वर्षांत असं मी दोनदाच ऐकलं होतं. दोन्ही वेळा ज्यानं केलं त्याला गावातल्या एकाही वर्कशॉपानं पुन्हा पाना हातात धरू दिला नाही. त्यातला एक उक्कडमच्या बस स्टँडबाहेर शहाळी सोलतो. ओळखीचे लोक त्याच्याकडून शहाळंसुद्धा घेत नाहीत.

मी बोट पुसलं आणि मयिलसामीकडे बघितलं.

मयिलसामी माझा मेकॅनिक. वय पस्तीसेक, दोन मुलींचा बाप, बोलणं मोजकं. मयिल म्हणजे मोर, त्यामुळे सगळे त्याची थट्टा करायचे, आणि तो नुसता मान हलवायचा. नऊ वर्षं तो वीरकुमारच्या वर्कशॉपात होता. तीन महिन्यांपूर्वी ते सोडून माझ्याकडे आला. का सोडलं विचारलं तर म्हणाला, "जमलं नाही अण्णा." एवढंच. आणि परवाच्या रेसमध्ये पहिला कोण आला? वीरकुमारचा पोरगा.

"मयिल, हे बघितलंस?"

तो वाकला, बघितलं, कपाळाला आठी घातली. "धूळ नाही ही."

"मग काय आहे?"

"कळत नाही अण्णा."

ज्याला मागच्या चाकाच्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं कळतं, त्याला हे कळत नाही! माझ्या मनात पहिली गाठ पडली ती तिथं.

ही गाडी मी मार्चमध्ये बांधायला घेतली होती. कंपनीतून आलेली साधी निळी गाडी, कॉलेजची पोरं फिरवतात तशी. तिच्यातलं जेवढं काढता येईल तेवढं काढलं आणि रेसचं घातलं. उंच डोक्याचा पिस्टन परदेशातून मागवला. झडपा उघडणारा कॅम मी स्वतः घासला. तीन खराब केले, चौथा जमला. सायलेन्सर हलका, हँडल खाली, पाय ठेवायच्या खुंट्या मागे आणि वर, टायरांचं रबर मऊ. शेवटी एअर फिल्टरचा डबा उपटून फेकला आणि कार्ब्युरेटरच्या मागे ॲल्युमिनियमचा पसरट भोंगा लावला. आमच्या वर्कशॉपांत त्याला सगळे तोंडच म्हणतात.

त्या दिवशी अक्का जेवणाचा डबा घेऊन आली होती. सोर्णम अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी अठ्ठावन्नचा झालो तरी तिच्या लेखी अजून नाक पुसायच्या वयाचा.

"आरू, हे चकाकतंय काय?"

"हे याचं तोंड, अक्का. आजवर कंपनीनं फडकं बांधून ठेवलं होतं. आता उघडं केलंय. बघ आता कसा पोटभर खातो ते!"

ती हसली, पोराच्या गालावरून फिरवावा तसा टाकीवरून हात फिरवून गेली. 

तर मंगळवारपासून मी मयिलवर नजर ठेवली. नजर ठेवणं सोपं असतं. एकदा ठेवली की ती आपली आपणच काम करत राहते. जेवायच्या सुट्टीत तो बाहेर जायचा नाही, का? फोन आला की दारापर्यंत जाऊन हळू बोलायचा; कुणाशी? शुक्रवारी तो वीरकुमारच्या शेजारच्या टपरीवर चहा पिताना दिसला. गावात चहा दुसरीकडे मिळत नाही? मी एमरीच्या डब्यावर आतून पेन्सिलीची रेघ मारून ठेवली. रोज बघायचो. पूड रेघेवरच होती. म्हणजे मग तो घरून आणतो, असं मी ठरवलं.

आमच्यात एक रीत आहे. रेसच्या गाडीचा बोल्ट ज्यानं आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका मारायचा. माझा पांढरा, मयिलचा पिवळा. एकाच्या ठिपक्यावर दुसऱ्यानं ठिपका मारायचा नाही. मारला तर ते माणसाच्या तोंडावर 'तू कच्चा' म्हणण्यासारखं असतं. मी ती रीत मोडली. मयिल घरी गेला की त्याचा एकेक बोल्ट पान्यानं तपासायचो आणि त्याच्या पिवळ्याशेजारी, खालच्या बाजूला, दिसेल न दिसेल असा पांढरा ठिपका ठेवायचो. एकही बोल्ट सैल निघाला नाही. इतका नेटका माणूस? मला त्याचाही संशय आला.

कुगनला मी सांगितलं तेव्हा तो वैतागला. "मामा, कालच मयिल अण्णानं माझ्या क्लचची तार स्वतःच्या पैशानं आणली."

"पाप झाकायला लोक अन्नदानही करतात."

"तुम्ही कीर्तनं ऐकता ना एवढी? हेच शिकलात?"

"शिकवू नकोस. तू गाडी चालव."

शनिवारी संध्याकाळी पेरूरच्या देवळाच्या मंडपात कीर्तन होतं. इंजिन नव्या रिंगा घालून बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी सीझनची शेवटची रेस. अक्का आणि मी नेहमीच्या खांबापाशी बसलो. भागवतर हातात चिपळ्या घेऊन उभे राहिले आणि आख्यान लावलं ते लहानग्या देवानं माती खाल्ल्याचं. काय गळा त्या माणसाचा! मृदंगवाला त्यांचा जुना जोडीदार, दोघांचे सवालजवाब चालायचे.

"माती खाताना कुणी पाहिलं?"

"शेजारच्या पोरांनी!"

"आईनं पाहिलं?"

"नाही!"

"तरी छडी कुणाच्या हातात?"

"आईच्या!"

सगळा मंडप हसला. मग भागवतरांनी 'तोंड उघड रे बाळा' ही एकच ओळ तीन लयींत घोळवली. आधी रागाची, मग लाडाची, आणि शेवटी, तोंड उघडल्यावर आत सगळं विश्व दिसलं तेव्हाची, थरथरती. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. अक्का तर हमसून रडली. एरवी मीही रडलो असतो. त्या दिवशी मात्र सगळा रस माझ्या कानांवरून वाहून गेला. मला त्या ओळीत एकच ऐकू येत होतं: मयिलचं तोंड उघडायला हवं. देवानंच सुचवलं म्हणून मी हात जोडले.

उठताना अक्कानं पुजाऱ्याकडून विभूतीची मोठी पुडी बांधून घेतली. "उद्या कुगनला हवी."

"दुप्पट घे," मी म्हणालो. "उद्या गरज आहे."

त्या रात्री घरी जाण्याआधी मी वर्कशॉपात गेलो, भोंग्याच्या तोंडावर धुतलेलं फडकं बसवलं आणि सुतळीनं स्वतःची गाठ मारली. आमचे अप्पा कापसाच्या पोत्याला मारायचे ती, दुहेरी, उजव्या टोकाला छोटा फास. ही गाठ आता आमच्या घरात फक्त मला येते.

सकाळी सहाला मी, मयिल आणि कुगननं गाडी टेम्पोत चढवली. मी गाठ पाहिली: जागेवर. नेहमीसारखे अक्काच्या दारी थांबलो. ती ताटात कापूर घेऊन टेम्पोपाशी जाऊन आली, मग आम्हाला इडल्या वाढल्या. मयिलनं चारच खाल्ल्या. "मी गाडीपाशी थांबतो," म्हणून उठला. पाच मिनिटं तो बाहेर एकटा होता. मी सांबार भुरकता भुरकता मनात ती पाच मिनिटं घट्ट धरून ठेवली.

ट्रॅकवर गाडी उतरवली. तपासणीला अजून वेळ होता. मी वाकून भोंग्याकडे बघितलं.

गाठ माझी नव्हती.

एक लहान, चपटी, अंगाला चिकटून बसलेली गाठ होती. मोगऱ्याच्या गजऱ्यात फुलामागून फूल अडकवताना बायका मारतात तशी. आणि मयिलची बायको पोन्नी पेरूरच्या देवळाबाहेर फुलं ओवून विकते. मी गाठ सोडली, टॉर्च मारला. काळ्या घशात फिकट पूड पडलेली होती. ताजी.

"मयिल. किल्ली दे."

"कसली अण्णा?"

"वर्कशॉपची. आणि पुन्हा तिकडे पाऊल टाकू नकोस."

माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या तंबूंतून माणसं आली. वीरकुमारही आला, तोंडात विडा. "काय आरू अण्णा, सकाळी सकाळी मोरानं पिसं गाळली का?"

"हा पूड घालतो माझ्या इंजिनात," मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. "मागच्या रेसलाही यानंच घातली. हे फडकं बघा. गाठ मी मारली होती, ही माझी नाही. फुलवालीची गाठ आहे. काय रे, बायकोनं शिकवली?"

वीरकुमारच्या एका पोरानं शीळ घातली. मयिलचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं रक्तच उतरलं. तो पुढे आला, भोंग्यात बोट घातलं, पूड काढली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"एमरी असती," तो चावत म्हणाला, "तर दाताखाली वाजली असती."

आणि मग तो थांबला. त्याचं चावणं थांबलं. त्यानं बोट नाकापाशी नेलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे, प्रेक्षकांच्या जाळीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, सापडला.

"बोल की! तोंड उघड!"

त्यानं कमरेची किल्ली काढली आणि पान्यांच्या पेटीवर ठेवली. "मी घातली असं समजा अण्णा."

"समजा म्हणजे काय?"

"तुम्ही समजलाच आहात."

तो वळला आणि टायरांच्या ढिगाजवळून फाटकाकडे चालू लागला. वीरकुमार विडा एका गालात सारत म्हणाला, "नऊ वर्षं आमच्यात होता हा. वाचलो म्हणायचं." दुसरा कुणी म्हणाला, "उक्कडमला शहाळ्यांची आणखी एक गाडी लागणार." लोक हसले. मीही हसलो असेन. आठवत नाही, आणि आठवायचं नाही.

"कुगा! इकडे ये, तोंड उघड!"

मी वळलो. जाळीपाशी अक्का उभी होती, आमच्यापासून वीसेक पावलांवर. कुगन हेल्मेट काखेत धरून तिच्यापुढे वाकला होता. तिनं पुडी उघडली, जाळीतून हात घालून त्याच्या कपाळाला विभूती लावली आणि उरलेली चिमूट त्याच्या जिभेवर टाकली. तो दोन वर्षांचा असल्यापासून, ताप असो की परीक्षा, ती असंच करते. मलाही असंच करायची. वाऱ्यानं वास माझ्यापर्यंत आला. कापूर आणि जव्वादूच्या सुगंधी पुडीचा मिसळलेला, देवळाचा वास.

माझ्या हातात ते फडकं होतं. मी ते नाकाशी नेलं.

मी जाळीपर्यंत गेलो. "अक्का," मी म्हणालो, "गाडीला?"

"गाडीला सकाळीच दिली की दारात! दर वेळी देते. कपाळाला बोट लावलं, चिमूटभर तोंडात." मग ती थोडी वाकून, गुपित सांगावं तशी म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, त्याचं तोंड उघडं केलंय? लेकराला द्यायची नि त्याला उपाशी ठेवायचं? आणि फडकं पुन्हा घट्ट बांधलं हो मी. आत धूळ जायला नको."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. साठी ओलांडलेलं ते तोंड, रात्रीच्या कीर्तनानं अजून उजळलेलं. हिला सांगू? पोराचं इंजिन तुझ्या आशीर्वादानं खाल्लं, असं? मयिलला ते जिभेवरच कळलं होतं. आणि हिच्याकडे बघून त्यानं तोंड मिटून घेतलं, माझ्या शिव्यांसकट. ती त्याची कोण? महिन्यातून एकदा इडली वाढणारी बाई.

पण आळ सगळ्यांसमोर घेतला होता. तो सगळ्यांसमोरच उतरायला हवा होता.

"मयिल!" मी ओरडलो. "थांब! मयिल!"

तो फाटकाशी थांबला. सगळी मुंडकी वळली. लाऊडस्पीकर गुरगुरत होता, अक्काला काही ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर येऊन मी उभा राहिलो.

"पूड माझी आहे. ऐका सगळे. एमरी नाही, विभूती आहे. देवाचं नाव घेऊन मीच गाडीला लावत होतो, ती आत गेली. तिन्ही वेळा मीच. ह्याचा काही संबंध नाही."

वीरकुमारनं विडा गिळलाच असावा. "तुम्ही? कार्ब्युरेटरला विभूती?"

"हो."

"तीस वर्षं इंजिनं बांधणारा माणूस!" तो असा हसला की पोट धरून खाली बसला. "अरे, पुढच्या वेळी अभिषेकही कर रे बाबा! नारळ फोड टाकीवर!" पोरांनी ते उचललं. कुणी माझ्यापुढे हात पसरून तीर्थ मागितलं. त्या दिवसापासून गावात माझं नाव विभूती आरुच्चामी पडलं, आणि ते आता माझ्याबरोबरच जाईल. जाऊ दे.

मयिल सावकाश परत आला. पेटीवरच्या किल्लीकडे त्यानं बघितलंही नाही.

"आधी गाठीचं," तो म्हणाला.

"चुकलो रे."

"मोठ्यानं."

"पोन्नीचं नाव घेतलं ते माझं तोंड घाण होतं म्हणून!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तिच्या हातची गाठ देवाच्या गळ्यात असते. मी चुकलो."

"आता पांढरे ठिपके."

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

"वीरकुमारकडे माझ्या प्रत्येक बोल्टवर दुसऱ्याचा ठिपका असायचा," तो हळू म्हणाला. "नऊ वर्षं. त्यासाठी सोडलं ते मी. तुमच्याकडे तसं होत नाही असं ऐकलं होतं."

त्यानं पेट्रोलमध्ये चिंधी भिजवली आणि माझ्या हातात दिली. मग स्वतः कार्ब्युरेटर उतरवून धुवायला बसला. रेसला पाऊण तास होता. त्या वेळात तो घसा, झडप, जेट, सगळं निरखून धूत होता, आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून एकेका बोल्टवरचा माझा पांढरा ठिपका पुसत होतो. पेट्रोलनं बोटं गार पडली. मध्येच एका ठिकाणी त्याचा पिवळाही पुसला गेला. त्यानं पाना घेतला, तो बोल्ट पुन्हा तपासला आणि नवा ठिपका ठेवला.

कुगन पाचवा आला. सुरुवातीला मागे पडला होता, पण शेवटच्या फेरीपर्यंत गाडीनं धुराची रेघसुद्धा सोडली नाही.

अक्का फाटकातून आत आली ती थेट गाडीकडे. "बघितलंस आरू? म्हटलं होतं ना, पोटात गेलं की बळ येतं. पुढच्या वेळी मोठी चिमूट घालते."

"अक्का," मी म्हणालो, "पुढच्या वेळेपासून फक्त कपाळाला. तोंडाला नको."

"का रे?"

तीस वर्षं इंजिनं बांधली, पण अक्काशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

"त्याला पथ्य सांगितलंय अक्का," मयिल मागून म्हणाला. "पोट बिघडलं होतं मागच्या वेळी. फक्त हवा नि पेट्रोल. देवाचं कपाळाला चालतं."

"अगं बाई! मला आधी सांगायचं ना!" अक्कानं हळहळून टाकीवर हात ठेवला. "किती दिवसांचं पथ्य?"

"आयुष्यभराचं," मयिल म्हणाला. तो हसत होता. तीन महिन्यांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग त्यानं पेटीवरची किल्ली उचलली, कमरेला खोचली आणि मला म्हणाला, "चला अण्णा, गाडी चढवू. मागचं चाक तुम्ही धरा."